आप्पांनी मागून घेतलेला तास

मांडवगण फराट्यात कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली की गाडीच्या आधी रखमाजी आप्पांना निरोप जातो. आप्पा डॉक्टर नाहीत, कंपाउंडर नाहीत, औषधाचं दुकानही त्यांनी कधी चालवलेलं नाही. त्यांचा नदीकाठी ऊस आहे आणि तो त्यांचा भाऊ बघतो. आप्पा दवाखाने बघतात. शिरूर-दौंड पट्ट्यात बहुतेक गावांत असा एक माणूस असतो. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि मोबाइलमध्ये 'डॉ.'ने सुरू होणारी नावं. पेशंट मागच्या सीटवर आडवा, आप्पा पुढे ड्रायव्हरशेजारी, ही बसायची रीत ठरलेली.

आप्पांचं कसब रोगाचं नव्हतं, सवलतीचं होतं. भेटीची वेळ संपल्यावर आत जायची सवलत, एकाऐवजी तिघांनी पेशंटजवळ बसायची सवलत, 'परवा सोडू' म्हणणाऱ्या डॉक्टरकडून आजच घरी न्यायची सवलत. डॉक्टर जे सांगतो ती त्याची पहिली बोली असते, आणि शहाण्या माणसाने पहिल्या बोलीवर थांबायचं नसतं, एवढ्या भांडवलावर त्यांचा सगळा कारभार चालला होता. त्यांनी मुदतीआधी सोडवून आणलेले बरेच पेशंट बरे झाले. ते आप्पांमुळे. जे झाले नाहीत, ते नशिबामुळे.

त्यांची मुलगी अनिता कासुर्डीला दिलेली. जावई पृथ्वीराज रांजणगावच्या एका कंपनीत शिफ्टवर. पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजाने अनिता सातव्या महिन्यात मांडवगणला आली, आणि पंचक्रोशीतल्या बायका ज्याच्या हातून सुटल्या त्याच्याच घरचं बाळंतपण म्हटल्यावर आप्पांच्या चालण्यात जरा रुंदी आली. दवाखाना दौंडचा ठरला. तालुका शिरूर असला तरी शिरूरच्या एका डॉक्टरने त्यांना पूर्वी पेशंटसमोरच 'आपण कोण?' असं विचारलं होतं. तेव्हापासून तालुक्याचं गाव आप्पांना दूर पडायला लागलं होतं. दौंडात मात्र तळमजल्यावर बाळंतपणाचा आणि वरच्या मजल्यावर तान्ह्या बाळांचा, असा एका छपराखालचा दवाखाना होता आणि तिथला वॉचमन आप्पांना नमस्कार करत असे.

अनिताच्या कळा सुरू झाल्या तेव्हा पृथ्वीराज कामावर होता. तो निघाला, पण पोचेपर्यंत घरचा पुरुष म्हणून आप्पाच. दुपारी खालचे डॉक्टर बाहेर आले. त्यांच्या हातात बाळाच्या ठोक्यांची पट्टी होती. प्रत्येक कळ ओसरताना ठोके खाली जातात आणि वर यायला फार वेळ घेतात, हे लक्षण बरं नाही, लगेच सिझर करावं लागेल, असं त्यांनी सांगितलं.

आप्पांनी पट्टीकडे पाहिलं. पट्टी त्यांना वाचता येत नव्हती, पण बोली ओळखता येत होती.

"डॉक्टर, आमच्या घरात आजवर कुणाच्या पोटाला ब्लेड लागलं न्हाई," ते म्हणाले. "पोरगी शेतकऱ्याची हाय. जरा दम धरा, व्हतंय नॉर्मल."

मग त्यांनी नेहमीचा सरंजाम काढला. आपली बहीण कशी उसाच्या बांधावर बाळंत झाली ते सांगितलं. हल्ली सगळेच सिझर करतात, पण तुम्ही तसले नाही, असं कौतुक केलं, आणि त्या कौतुकात धमकी कुठे आहे तेही डॉक्टरांना दिसेल असं केलं. जावयाच्या मंडळींना काय तोंड दाखवू, असंही विचारलं. डॉक्टरांनी ताणून धरायला हवं होतं. पण महिन्याभरापूर्वी कुणाच्या तरी नातेवाइकांनी याच दवाखान्याची काच फोडली होती, आणि फुटलेली काच डॉक्टरला पुस्तकात नसलेलं बरंच काही शिकवते. शेवटी ते म्हणाले की, एक तास बघू. सही करायला तयार असा माणूस समोर नाही आणि समोर असलेला माणूस तयार नाही, हे कारण त्यांनी स्वतःलाच दिलं.

पडद्याच्या पलीकडे अनिता होती. पूर्ण शुद्धीवर. तिने शब्द न् शब्द ऐकला. तिला कुणी काही विचारलं नाही.

आप्पा बाहेर आले आणि बायकोला, सिंधूबाईंना, म्हणाले, "तास काढला."

त्या तासात आत काय चाललं होतं ते साधं आहे. पोटातलं बाळ छातीने श्वास घेत नाही. त्याचा प्राणवायू वारेतून, नाळेतल्या रक्तातून येतो. कळ आली की गर्भाशय आवळतं, तेवढ्यापुरता तो पुरवठा कमी होतो. धडधाकट बाळ तेवढं सोसतं आणि कळ गेली की भरून काढतं. या बाळाला दोन कळांच्या मध्ये भरून काढायला मिळत नव्हतं. अशा वेळी बाळाचं शरीर स्वतःच काटकसर करतं. कातडी, आतडी, मूत्रपिंडं यांचं रक्त तोडून हृदय आणि मेंदू यांच्याकडे वळवतं. नऊ महिन्यांच्या पोराला जे अग्रक्रम कळतात ते बाहेर चहा पिणाऱ्या साठीच्या माणसाला कळत नव्हते. पण काटकसरीलाही शेवट असतो. हृदयच थकलं की मेंदूकडे जाणारी धार बारीक होते, आणि मेंदू साठवणुकीचा अवयव नाही. त्याला रोजचं रोज नव्हे, क्षणाचं क्षणाला लागतं.

तास पुरा व्हायच्या आत ठोके इतके खाली आले की डॉक्टरांनी बाहेर कुणालाही न विचारता अनिताला टेबलावर घेतलं. सही अनितानेच केली. ती सज्ञान होती, सही करायचा अधिकार तिला सकाळपासून होता, ही गोष्ट तोवर कुणाच्या ध्यानात आली नव्हती.

मुलगा झाला. पांढुरका, कापडासारखा सैल, आणि रडला नाही. वरच्या मजल्यावरच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. सुमैया धावत खाली आल्या. त्या दौंडच्याच, त्यांच्या वडिलांचं जुन्या बाजारात कापडाचं दुकान होतं. त्यांनी बाळाच्या नाकातोंडावर मास्क धरून फुगा दाबत श्वास दिला. हृदय आधी जागं झालं, श्वास नंतर. बाळाला वर नेलं. काचेतून नातू बघून आप्पा मंडळींकडे वळले आणि त्यांनी निकाल दिला, "शांत हाय. खानदानी लेकरू रडत न्हाई."

थोड्या वेळाने डॉ. सुमैया बाहेर आल्या. मेंदूला प्राणवायू आणि रक्त कमी पडलंय, बाळ सुस्त आहे, चोखत नाही, म्हणून त्याचं अंग तीन दिवस थंड ठेवणार आहोत. हा उपचार पहिल्या सहा तासांतच सुरू करावा लागतो आणि तो सुरू केलाय, असं त्यांनी सांगितलं.

सिंधूबाईंचा यावर विश्वास बसेना. घरी बाज तयार होती. बाजेखालची शेगडी, निखाऱ्यांसाठी बाभळीचा कोळसा, धुरीला ओवा आणि वेखंड, जुन्या लुगड्यांची दुपटी, सगळं मांडून ठेवलेलं. तान्ह्या बाळाला वारासुद्धा लागू द्यायचा नाही, हे त्यांना त्यांच्या सासूने आणि सासूला तिच्या सासूने शिकवलेलं, आणि ते काही चूक नव्हतं. पण इथे उघडं पोर गार गादीवर टाकलेलं. त्यांनी डोळ्याला पदर लावला. आप्पा पुढे झाले.

"मॅडम, बारकं लेकरू गारठून मरंल. आमी शेक देतो, तुमी थंडी देता. ही कुठली डॉक्टरी?"

डॉ. सुमैयांनी आवाज चढवला नाही. "आप्पा, तुमच्या विहिरीवर मोटार आहे?"

"तीन हायेत."

"लाइट गेली की मोटार जळते का?"

"न्हाई. बंद पडती."

"मग जळते कधी?"

"लाइट परत येती तवा. दाब कमी-जास्त आला की." हे सांगताना आप्पांना बरं वाटलं. विषय आता त्यांच्या हद्दीत आला होता.

"बाळाच्या मेंदूचं असंच आहे. रक्त कमी पडलं तेव्हा काही पेशी तिथेच गेल्या. बाकीच्या बंद पडल्या. आता रक्त परत आलंय, बाळाचा रंग सुधारलाय, तासन्‌तास सगळं बरं दिसेल. पण आत दुसरा धक्का तयार होतोय. त्यात पेशी सुजतात, स्वतःच्याच विषाने मरतात. अंग थंड ठेवलं की ते सगळं संथ होतं, त्यातल्या काही वाचतात. सगळ्या नाही."

आप्पांनी मान हलवली. जमलेल्या सगळ्यांना वाटलं, त्यांना पटलं. आप्पांना यातलं 'बाळाचा रंग सुधारलाय' आणि 'सगळं बरं दिसेल' एवढं पटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वर जाऊन पाहिलं. बाळ गुलाबी होतं, त्याने डोळे उघडले होते. आप्पांच्या हिशेबी उपचार संपला होता, राहिला होता तो दवाखान्याचा खाक्या. त्यांनी गावात दोन पेढेवाल्यांना फोन केले. कासुर्डीकरांना कळवलं की, नातू ठणठणीत आहे, डॉक्टरलोक उगीच ठेवून घेतात, पण आपण आहोत. मग पाहुण्यांसाठीचा हिरवा गाऊन घालून, त्याखाली सिंधूबाईंनी विणलेलं लोकरीचं टोपडं लपवून ते आत गेले आणि सिस्टर सविता दुसऱ्या बाळाकडे वळल्या असताना त्यांनी ते नातवाच्या डोक्यावर चढवलं. सगळ्या शरीरात जो अवयव थंड राहावा म्हणून यंत्र रात्रभर राबलं होतं, नेमकं त्याच्यावर. थोड्याच वेळात तापमानाचा काटा वर सरकला आणि यंत्र ओरडू लागलं. सविता सिस्टरनी टोपडं काढून आप्पांच्या हातात दिलं आणि दाराकडे बोट केलं. त्यांना दवाखान्यातून कुणी असं बाहेर काढल्याला बरीच वर्षं झाली होती.

पण दाराबाहेर जाईपर्यंत त्यांनी एक काम उरकलं. बाळ पाय मारत होतं. सायकल चालवल्यासारखे एकामागून एक, ठेक्यात. ओठही चुटूचुटू वाजवत होतं. आप्पांना भरून आलं. त्यांनी मोबाइल काढला, छोटा व्हिडिओ घेतला आणि बाहेर बाकड्यावर बसून भावकीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आमचा पैलवान. आल्याबरोबर व्यायाम सुरू.' पाठोपाठ हात जोडलेली चित्रं, फुलं आणि कुस्तीचे फेटे यायला लागले. कुणी लिहिलं, भूक लागलीय पोराला. कुणी लिहिलं, आजोबांवर गेलंय.

त्या ग्रुपवर अनिताही होती. ती खालच्या मजल्यावर टाक्यांसकट पडून होती आणि बाळ तिने अजून नीट पाहिलंही नव्हतं. तिने व्हिडिओ एकदा पाहिला. पुन्हा पाहिला. नातेवाइकांना व्यायाम दिसत होता. तिला मात्र एक गोष्ट खटकली. पाय हलत होते, पण चेहरा त्या पायांचा नव्हता. डोळे एका बाजूला लागून स्थिर होते. पृथ्वीराज एव्हाना येऊन शेजारी बसला होता. तिने त्याच्या हातात मोबाइल देऊन सांगितलं, वर जा आणि हे मॅडमला दाखव, आप्पांना विचारत बसू नको.

डॉ. सुमैयांनी व्हिडिओ पुरता बघितलाही नाही. त्या आत गेल्या. ते आकडीचं लक्षण होतं. तान्ह्या बाळाची आकडी मोठ्या माणसासारखी हातपाय झाडत, तोंडाला फेस आणत येतेच असं नाही; ती कधी ओठ चोखते, कधी सायकल मारते, कधी नुसती एकटक बघते, आणि बघणारे तिला बाळलीला समजतात. दुसरा धक्का आला होता. औषध लगेच सुरू झालं. मेंदूच्या लहरी बघायच्या तारा बाळाच्या डोक्याला लावल्या गेल्या.

आप्पा त्या वेळी तळमजल्यावर डिस्चार्जची बोलणी करत होते. एवढं ताकदीचं पोर अडकवून ठेवायचं कारण काय, असा त्यांचा मुद्दा होता, आणि पुरावा म्हणून ते काउंटरवरच्या माणसाला व्हिडिओ दाखवत होते. काउंटरवाल्याने सवयीने कागद काढला. जबाबदारीवर घरी नेतो, असं लिहून द्यायचा तो कागद. आप्पांनी आयुष्यात असे कितीतरी कागद दुसऱ्यांना भरायला लावले होते. तो घेऊन ते अनिताच्या खाटेशी आले, कारण आता सगळ्यांना कळलं होतं की सही हिची चालते.

पृथ्वीराज वरून नुकताच उतरला होता. आकडी आल्याचं त्याने सांगितलं. आप्पा म्हणाले, थंडीनंच आली ती. घरी नेऊ, शेक देऊ, दोन दिवसांत उभं राहील.

अनिताने कागद घेतला नाही. ती सावकाश बोलली. टाके ओढत होते, म्हणून सावकाश. राग म्हणून नव्हे.

"आप्पा, काल तुमी एक तास मागून घेतला. मी ऐकत व्हते. आज मी तीन दिस देतेय. तुमी बाहेर बसा."

सिंधूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या दंडाला धरून त्यांना बाहेर नेलं. एवढ्या वर्षांत ही त्यांची पहिली सक्ती.

तीन दिवसांनी बाळाला हळूहळू ऊब देण्यात आली, घाईने दिली तर तीही बाधते म्हणून. मग मेंदूचा एमआरआय झाला. हालचालींची सूत्रं जिथून हलतात त्या मेंदूच्या खोल भागात एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला थोडी इजा दिसली. चालेल का, बोलेल का, या प्रश्नांवर डॉ. सुमैयांनी सांगितलं की, आज सांगता येणार नाही. थंडीने नुकसान कमी केलं असेल, पुसलेलं नाही. आता व्यायाम, आणि तो आतापासून.

मुलाचं नाव स्वराज ठेवलं. तो उशिरा बसला. डाव्या हाताने खुळखुळा धरी, उजव्या हाताची मूठ मिटलेली राही. अनिता कासुर्डीहून आठवड्यातून दोनदा त्याला दौंडला व्यायामाला घेऊन येई, आणि मांडवगणहून आप्पा तिथे हजर होत. व्यायाम घेणाऱ्या बाईंशी त्यांनी पहिल्याच दिवशी बोलणी करून पाहिली, एवढ्याशा पोराला इतकं का ताणायचं म्हणून. बाईंनी त्यांना मोठे मणी दिले आणि उजव्या हातापुढे धरून बसायला सांगितलं. पोर मणी उचलेपर्यंत. आप्पा धरून बसत. मांडी मोडली तरी हलत नसत, हे इथे नोंदवायला हवं, कारण त्यांच्याबद्दल चांगलं म्हणण्यासारखं त्या वर्षात एवढंच घडलं.

गावात मात्र वेगळा ग्रंथ तयार होत होता. पारावर, सोसायटीच्या ओट्यावर, दशक्रियेला जमलेल्या मंडळींत आप्पा सांगत की, नातवाला प्राणवायू कमी पडला होता, डॉक्टर गोंधळले होते, आणि तेव्हा थंड करायचा निर्णय झाला. निर्णय कुणाचा, ते ते सांगत नसत. वाक्य अशा जागी थांबवत की ऐकणाऱ्याने स्वतःच ओळखावं. मोटारीचं उदाहरणही त्यांचंच झालं होतं. तासाचा उल्लेख त्या कथेत नव्हता.

कथा तिथवर राहिली असती तर गावाने खपवून घेतली असती. पण आप्पा ज्ञान मिळालं की वाटतात. दुसऱ्या वर्षी पौषात शेजारच्या जयसिंगच्या सुनेला मुलगी झाली. ठणठणीत, आल्याबरोबर दवाखाना डोक्यावर घेणारी. बाळंतीण घरी आली त्या दिवशी जयसिंगने आप्पांना मानाने बोलावलं. आप्पांनी बाजेखालची शेगडी काढायला लावली. हे बरंच झालं, कोंदट खोलीतला तो धूर बाळाच्या छातीला चांगला नव्हताच. पण त्यांनी माळ्यावरचा कूलरही खाली काढायला लावला, पाणी भरलं आणि पाळण्यासमोर चालू केला. मेंदू तल्लख होतो, म्हणाले. दवाखान्यात ह्याला हजारो रुपये मोजतात.

अनिता संक्रांतीला माहेरी आली होती. त्याच दुपारी शेजारणीला बघायला म्हणून ती स्वराजला कडेवर घेऊन गेली, तेव्हा पाळण्यातल्या मुलीचे हात-पाय निळसर पडले होते आणि तिच्या आईला बोलायचा धीर होत नव्हता. अनिताने आधी कूलरची पिन उपटली. मुलीला उचलून आईच्या उघड्या छातीशी दिलं आणि वरून गोधडी टाकली. मग ती वळली. ओसरीवर जयसिंग, त्याचे दोन भाऊ आणि आप्पा होते.

"श्वास कोंडलेल्या लेकराला थंड करत्यात. ते बी डॉक्टर, काटा लावून," ती म्हणाली. "हिला काय झालंय?"

आप्पा समजावणीच्या सुरात म्हणाले, "अगं, आपल्या स्वराजला थंडीनंच वाचिवलं का न्हाई?"

"व्हय, वाचिवलं. आन् असा झाला कशानं, ते बी सांगा की ह्यांना. डॉक्टर कापू म्हणत व्हते तवा तुमी काय काढून आणलंवतं, ते सांगा."

आप्पांनी सांगितलं नाही. अनिताने सांगितलं, मोजक्या वाक्यांत, स्वराजची मिटलेली मूठ हाताने उघडत. तिचं सांगून झाल्यावर जयसिंगने कूलरमधलं पाणी ओतून यायच्या निमित्ताने जागा सोडली. आप्पा म्हणाले की, त्या वेळेला तसंच वाटत होतं. ते बहुधा खरं होतं.

गावाने त्यांना टाकलं नाही. गावं माणसं टाकत नाहीत, त्यांचा उपयोग बदलतात. गाडी कुठे लावायची, कुठल्या खिडकीवर गर्दी कमी, कोणत्या कॅन्टीनची भाजी ताजी, हे आजही आप्पांइतकं कुणाला माहीत नाही. त्यामुळे दौंडला पेशंट निघाला की ते अजून पुढच्या सीटवर असतात, पांढऱ्या शर्टात. गेल्या महिन्यात जयसिंगची पुतणी बाळंतपणाला दाखल झाली तेव्हाही होते. दुपारी डॉक्टर ठोक्यांची पट्टी घेऊन बाहेर आले. आप्पा उठले, घसा साफ केला.

"आप्पा," जयसिंग मध्येच म्हणाला, "तुमी जरा समद्यांना च्या सांगून या."

डॉक्टर जयसिंगकडे न बघता थेट आत, पुतणीशी बोलायला वळले. आप्पांनी खिशातलं एक पेन काढलं, परत ठेवलं, आणि बिनसाखरेचे किती सांगायचे ते विचारलं.